सर्कसवरचा सिनेमा मुलांना ग्राफिक्स का वाटतो, आणि मग तो बघायचा कसा

खारघरच्या एका ताईंनी विचारलंय: सर्क द्यू सोले या कॅनडातल्या सर्कस कंपनीचा वर्ल्ड्स अवे हा सिनेमा घरी टीव्हीवर लावला, तर नऊ वर्षांचा मुलगा पंधरा मिनिटांत उठून गेला, म्हणाला हे सगळं ग्राफिक्स आहे. हाच मुलगा वाशीला तंबूत सर्कस बघताना जागचा हलला नव्हता, आणि तिथले खेळ तर यांच्यापेक्षा कितीतरी साधे होते. मग असं का झालं, आणि सिनेमात सर्कस बघायचीच झाली तर नक्की बघायचं काय?

ताई, तुमच्या मुलाची नजर चांगली आहे हे आधी सांगते. मी दोरीच्या मल्लखांबातून आले, आता ठाण्यात कोलशेतला एरियल, म्हणजे हवेत टांगून करायचे खेळ, शिकवते आणि घोडबंदर रोडच्या स्टुडिओंमध्ये शूटिंगसाठी रिगिंग करते, म्हणजे कलाकाराला वायरवर वर घ्यायचं आणि सुखरूप खाली आणायचं. बरीच वर्षं झाली. त्यामुळे खेळ करणाऱ्याची बाजू पण माहितीय आणि कॅमेऱ्याची पण. त्या सिनेमातली माणसं शंभर टक्के खरी आहेत, जगातली उत्तम माणसं आहेत, पण ती खरी आहेत हे ज्यावरून कळतं ते सगळं एडिटिंगमध्ये कापलं गेलंय, आणि तुमच्या मुलाला नेमकं तेच जाणवलं.

काय कापलं जातं ते एका खेळावरून सांगते. सिल्क, म्हणजे छतापासून खाली सोडलेल्या कापडाच्या दोन लांब पट्ट्या. मुलगी वर चढते, एक पाय अडकवते, कापड कमरेभोवती फिरवून घेते, मांडीवरून आणते, पुन्हा पाठीमागून पुढे काढते, खाली लोंबणारं टोक कुठल्या बाजूला आहे ते हाताने चाचपते, एकदा ओढून बघते आणि मग हात सोडते. गरागरा फिरत खाली येते आणि जमिनीच्या जरा वर येऊन झटक्यात थांबते. गुंडाळायला वीस-पंचवीस सेकंद जातात, पडायला एक-दीड. आता एडिटरला ती वीस सेकंद कंटाळवाणी वाटतात कारण तिथे काहीच घडत नाहीये असं त्याला वाटतं, मग तो ती उडवतो. उरतं काय, मुलगी वर आहे, मुलगी पडतेय, मुलगी थांबली. का थांबली याला काही आधारच राहिला नाही ना. तंबूत तुमच्या मुलाने ती वीस सेकंद पूर्ण बघितली, कापड कुठून कुठे गेलं ते बघितलं, हात सोडायच्या आधीचा तो अर्धा क्षण बघितला, आणि पोटात गोळा आला तो तेव्हा. पडणं तर नंतर आलं.

आमच्या मल्लखांबात हेच अढीला, म्हणजे पायांनी खांब किंवा दोरी आवळून धरायच्या पकडीला, लागू होतं. अढी पक्की बसलीय हे बघणाऱ्याला दिसलं नाही तर पुढे हात सोडण्यात काही जीव राहत नाही. दोरीवर तर पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटात दोरी धरून सगळा खेळ चालतो, आणि क्लोजअप हवाच असेल तर तो त्या बोटांचा घ्यावा असं मला मनापासून वाटतं. कॅमेरे मात्र हसऱ्या चेहऱ्यावर जातात.

दुसरी गोष्ट खास वर्ल्ड्स अवेची. २०१२ चा सिनेमा, जेम्स कॅमेरॉन निर्मात्यांत होता, दिग्दर्शक अँड्र्यू अ‍ॅडमसन, आणि लास वेगासला जे सर्कचे कायमस्वरूपी शो चालायचे, ‘ओ’, ‘का’, ‘मिस्टेर’, बीटल्सच्या गाण्यांवरचा ‘लव्ह’ वगैरे, त्यांचे तुकडे घेऊन एक गोष्ट रचलीय. गोष्टीची सुरुवात आठवा. झोक्यावरचा तरुण मुलीकडे बघत राहतो, त्याचा कॅच सुटतो, तो खाली पडतो, आणि जमीन वाळूसारखी होऊन त्याला गिळते, मागोमाग ती मुलगी पण आत जाते आणि दोघं दुसऱ्याच दुनियेत निघतात. दिसायला सुंदर आहे, पण या एका प्रसंगाने सिनेमा सांगून टाकतो की इथे पडलं तरी काही होत नाही. जमीनच काढून घेतली. आणि जमीन नसेल तर उंचीला काय अर्थ? पुढे मग कोणी कितीही वर लटकलं तरी लहान मुलाच्या मनात ते परीकथेच्या खात्यातच जमा होतं.

आणि वाईट याचं वाटतं की खरं काम अचाट आहे. ‘का’ या शोमधली शेवटची लढाई एका उभ्या भिंतीवर होते ना, ती भिंत म्हणजे स्टेजच आहे, साधारण २५ बाय ५० फुटांचा, जो गोल फिरतो आणि उभा होतो, आणि त्यावर कलाकार वायरच्या आधाराने आडवे पळतात. ‘ओ’ या शोमधलं पाणी म्हणजे थिएटरच्या आत बांधलेला सुमारे ५७ लाख लिटरचा तलाव आहे. ‘का’ शोमधल्या याच लढाईच्या प्रवेशात २०१३ च्या जूनमध्ये प्रेक्षकांसमोर वायर तुटून एक कलाकार वरून पडली आणि तिचा जीव गेला. वायर लावली म्हणजे धोका संपला असं कोणी म्हटलं की मला हेच आठवतं. थिएटरमध्ये बसलेल्याला भिंतीखालचा खड्डा सतत दिसत असतो, सिनेमात मात्र फ्रेम बहुतेक वेळा कलाकारांभोवती एवढी घट्ट आहे की ते उंचावर आहेत का स्टुडिओतल्या गादीपासून चार फुटांवर हे समजायला मार्गच नाही.

शिवाय तो थ्रीडी म्हणून शूट झालेला. खोली आणि उंची दाखवायचं बरंचसं काम थ्रीडीवर सोपवलेलं होतं, ते घरच्या टीव्हीवर सपाट झालं. त्यात बहुतेक टीव्हीत एक सेटिंग कंपनीकडूनच चालू येतं, एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी, ते दोन फ्रेमच्या मधे स्वतःच्या मनाने जास्तीच्या फ्रेम बनवून घालतं. बातम्यांना वगैरे ठीक आहे, पण कोलांट्या मारणारं शरीर त्यात रबरासारखं सरकतं, कडा पुसट होतात आणि माणूस खरोखर कॉम्प्युटरवर बनवल्यासारखा दिसतो. आज घरी गेलात की आधी ते बंद करा, सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावा, निम्मं ग्राफिक्स तिथेच जाईल.

आता वेळेबद्दल, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी चोरी इथे होते. फ्लाइंग ट्रॅपीझमधे, म्हणजे उंच टांगलेल्या झोक्यांच्या खेळात, फ्लायर (उडणारा) झोका सोडतो आणि कॅचरच्या (पकडणाऱ्याच्या) हातात जातो, त्यात तो हवेत असतो जेमतेम एक सेकंद. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. म्हणजे तिहेरी कोलांटी असेल तर एकेका कोलांटीच्या वाट्याला सात-आठ फ्रेम येतात. डोळ्याला धड दिसत नाही म्हणून दिग्दर्शक सेकंदाला १२० फ्रेमने शूट करतो, ते २४ ने चालवलं की तोच सेकंद पाच सेकंदांचा होतो. सुंदर दिसतं, स्नायू दिसतात, केस उडताना दिसतात, पण त्या माणसाला निर्णय घ्यायला किती कमी वेळ होता हे पार नाहीसं होतं. क्रिकेटच्या मॅचमध्ये आधी बॉल पडतो, विकेट जाते, आपण ओरडतो आणि मग रिप्ले येतो. सर्कसवरचे बरेच सिनेमे बॉल दाखवतच नाहीत, थेट रिप्लेच लावतात. माझं म्हणणं एवढंच की एकदा खऱ्या वेगात दाखवा, मग हवं तेवढं हळू करा, कोणाचीच तक्रार नाही.

मुलाला यातलं काही ओळखायला शिकवायचं असेल तर झोका मोजायला लावा, मुलांना फार आवडतं हे. झोका एकदा पुढे जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मुख्यतः दोरीच्या लांबीवर ठरतं, वर लहान मुलगी बसलीय का पैलवान याने फरक पडत नाही. टांगलेल्या जागेपासून शरीराच्या मध्यापर्यंत साडेचार मीटर धरलं तर पूर्ण फेरीला सव्वाचार सेकंद. सर्कशीतले मोठे झोके साधारण याच्याच आसपास असतात, थोडे इकडेतिकडे. मोबाईलचं स्टॉपवॉच लावायचं आणि मोजायचं. आठ-नऊ सेकंद आले तर सरळ समजा की चित्र हळू केलंय. झोका पूर्ण दिसत नसेल तर हाताला लावलेल्या पांढऱ्या पावडरीकडे बघायचं, ती कशी खाली येते, किंवा घामाचा थेंब.

वायर लावलीय का हे पण कळतं, शूटिंगनंतर वायर कॉम्प्युटरवर पुसलेली असली तरी. स्वतःच्या ताकदीने उडी मारणारा माणूस आधी गुडघ्यात वाकतो, खाली जातो, मग वर जातो, आणि वर जाताना वेग कमी कमी होत जातो. वायरने उचललेला माणूस सरळ पायांनी सुद्धा जमीन सोडतो, एकसारख्या वेगाने वर जातो आणि वर पोचल्यावर जरा जास्तच रेंगाळतो. हार्नेस, म्हणजे वायर अडकवायचा पट्टा, कमरेला असतो त्यामुळे फिरताना शरीर कमरेभोवतीच फिरतं, आणि कपडा कंबरेपाशी थोडा ओढल्यासारखा दिसतो (कॉस्च्यूमवाल्या मुली यासाठी किती धडपडतात ते मी रोज बघते). वायर म्हणजे फसवणूक असं मात्र मुलाला सांगू नका प्लीज. सुरक्षेचा दोर आणि उचलणारी वायर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुरक्षेचा दोर सैल असतो, तो कलाकाराला एक इंचही वर नेत नाही, फक्त चुकलं तर धरतो, आणि तो लावायला कोणालाही लाज वाटायचं कारण नाही.

मग बघायचं काय. मी तुमच्या जागी असते तर १९५६ चा ट्रॅपीझ आधी लावला असता, कॅरल रीडचा, पूर्ण सिनेमा नाही तर फक्त झोक्याचे प्रसंग, कारण बाकीचं प्रेमप्रकरण नऊ वर्षांच्या मुलाला काय करायचंय. त्यातला बर्ट लँकेस्टर सिनेमात यायच्या आधी सर्कशीत आडव्या बारवर काम करायचा, त्यामुळे झोक्यावर त्याचे खांदे आणि पाठ बघा, शिकवून आणलेल्या नटाची पाठ अशी नसते. तिहेरी कोलांटी अर्थात व्यावसायिक फ्लायरनेच केलीय. आणि तो सिनेमास्कोपमध्ये आहे, म्हणजे आडवा रुंद पडदा. ट्रॅपीझचा खेळ मुळात आडवा असतो, एका टोकाला फ्लायर दुसऱ्या टोकाला कॅचर, त्यामुळे दोघंही एकाच फ्रेममध्ये मावतात आणि मधे कट करायची गरजच पडत नाही. शूटिंग पॅरिसच्या सर्क दिव्हेर या इमारतीत झालं, आणि १८५९ मध्ये ज्यूल लेओतारने फ्लाइंग ट्रॅपीझ लोकांसमोर पहिल्यांदा केलं ते याच इमारतीत. मला तो सिनेमा बघताना हे आठवून दर वेळी भरून येतं.

याच्या उलट पद्धतीचा उत्तम नमुना १९२५ चा जर्मन मूकपट व्हारिएते. त्यात कॅमेरा झोक्यावरच चढवलाय. खाली बसलेल्या प्रेक्षकांचे चेहरे, दिवे, सगळं झोक्याबरोबर डोलतं. तंबूत बसून जे कधीच दिसणार नाही, खेळणाऱ्याला वरून काय दिसतं, ते सिनेमाने दाखवलं. शंभर वर्षांपूर्वी, तेव्हाच्या अवजड कॅमेऱ्याने! असं काही करणार असाल तर खुशाल जवळ या, खुशाल कट करा, कारण तेव्हा तुम्ही तंबूतलं काही हिरावून घेत नाही, भर घालताय.

सर्क द्यू सोलेचाच सिनेमा हवा असेल तर वर्ल्ड्स अवेपेक्षा जर्नी ऑफ मॅन बरा, २००० चा, आयमॅक्ससाठी केलेला. आयमॅक्सचा पडदा उंच असल्यामुळे वरून खाली येणारे खेळ अखंड दिसतात. त्यात स्टॅच्यू म्हणून एक दोघांचा खेळ आहे, एक पुरुष एक बाई, एकमेकांच्या अंगावर तोल सांभाळत इतकं सावकाश हलतात की हलतायत का नाही असं वाटावं. असे तोलाचे संथ खेळ कॅमेऱ्याला फार मानवतात असा माझा अनुभव आहे. तिथे वेग लपवायचा नसतो, क्लोजअप घेतला तर मनगटाची बारीक थरथर दिसते जी तंबूत दहाव्या रांगेतून दिसलीच नसती. उलट तारेवरचं चालणं क्लोजअपमध्ये मरतं, कारण तार आणि जमीन दोन्ही एकत्र दिसले नाहीत तर तो नुसता हात पसरून चालणारा माणूस.

मोठ्यांसाठी म्हणून सांगते, १९८७ चा विंग्ज ऑफ डिझायर बघा. त्यात सोलवेग दोमार्तांने काही आठवड्यांत ट्रॅपीझ शिकून डबलशिवाय काम केलंय. खेळ साधाच आहे, कोलांट्या नाहीत काही नाहीत, पण नटी आणि झोक्यावरची बाई एकच आहे हे सतत दिसत राहतं आणि तेवढ्याने श्वास अडकतो. आणि मेरा नाम जोकर, १९७०, त्यात जेमिनी सर्कस आणि रशियातून आलेले कलाकार आहेत, खरा तंबू, खऱ्या झोक्यांवर खरी माणसं. त्याची लांबी मुलांना झेपणार नाही, सर्कशीचे भाग तेवढे दाखवा. दाखवताना हे पण सांगा की आपल्याकडे ग्रेट इंडियन सर्कस विष्णुपंत छत्रे या मराठी माणसाने १८८० मध्ये उभी केली. वाशीच्या मैदानात जो तंबू बघितला त्याचं मूळ तिथे जातं.

आवाजाचं राहिलंच. तंबूत फ्लायर सुटायच्या आधी एक हाक येते, हेप, मग बार कुरकुरतो, आणि मनगटावर मनगट बसलं की थाप ऐकू येते. कॅचर कसा आहे हे मी डोळे मिटून त्या थापेवरून सांगू शकते. सिनेमात या सगळ्यावर गाणं चढवतात. बीटल्स कितीही थोर असले तरी त्या थापेची जागा ते घेऊ शकत नाहीत, आणि मला हे फार खटकतं.

लॉकडाऊनमध्ये, २०२० ला, सर्कने त्यांच्या शोचे तासाभराचे खास भाग यूट्यूबवर टाकले होते आणि आपल्या रॅम्बो सर्कसनेही तिकीट लावून ऑनलाइन शो केला होता. तंबू बंद, माणसांना पगार कुठून द्यायचा, अशा वेळी कॅमेऱ्यानेच आधार दिला. म्हणून मी कॅमेऱ्याच्या विरोधात अजिबात नाहीये, स्टेजचं सरळ रेकॉर्डिंग मिळालं तर मुलाला गोष्ट रचलेल्या सिनेमाआधी ते दाखवा, त्यात निदान स्टेजची जमीन अधूनमधून दिसते.

एक प्रयोग करा. खारघरला सेंट्रल पार्कच्या हिरवळीवर मुलाला घेऊन जा, त्याला येत असेल ती चक्री किंवा साधी कोलांटी मारू दे. मोबाईल लांब, स्थिर ठेवून एकदा पूर्ण शरीर आणि जमीन दिसेल असं शूट करा. मग जवळून, नुसता चेहरा आणि हात. मग स्लो मोशनमध्ये. तिन्ही त्याला टीव्हीवर लावून दाखवा आणि विचारा यातला तू कुठला. बहुतेक मुलं पहिल्याकडेच बोट दाखवतात, आणि काही जण लगेच म्हणतात की तिसऱ्यात मी उगाच हिरो वाटतोय. एवढं कळलं की त्याला ट्रॅपीझ सिनेमा आणि वर्ल्ड्स अवे यातला फरक समजवायला तुम्हाला काही बोलावं लागणार नाही, आणि मग वर्ल्ड्स अवे परत लावलात तर कुठे कट केलाय ते तोच दाखवेल.

जिवंत खेळ दाखवायचा असेल तर दर वेळी तंबूची वाट बघत बसू नका. शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब चालतो, २०१९ ची पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा दादरला शिवाजी पार्कवरच झाली होती, आणि तिथले उदय देशपांडे सर यांना २०२४ ला पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये सर्क द्यू सोले पहिल्यांदा भारतात आलं, मुंबईत बीकेसीला बझ्झार हा शो घेऊन, तर त्यांच्या शोमध्ये सुद्धा मल्लखांब होता. ठाण्यात आणि नवी मुंबईत पण व्यायामशाळांमध्ये वर्ग असतात, जवळचा शोधा, एका संध्याकाळी नुसतं बघायला जा. एरंडेल लावलेल्या खांबावर आठ वर्षांची पोरं काय करतात ते चार हातांवरून बघितल्यावर तुमचा मुलगा काय म्हणतो ते मला नक्की कळवा.

आणि हे नुसतं वाचून सोडून देऊ नका, नीट लक्षात ठेवा: असे सिनेमे बघितल्यावर मुलं घरी करून बघतात. ओढणी किंवा चादर पंख्याच्या हुकाला, खिडकीच्या ग्रिलला, दाराच्या वरच्या बारला बांधून लटकतात. एक मीटर खाली पडून पाव मीटरात थांबलं तर सरासरी ताण वजनाच्या पाचपट येतो. तीस किलोचं मूल असेल तर दीडशे किलो, आणि झटक्याच्या ऐन क्षणी त्याहून जास्त. पंख्याचा हुक पंख्यासाठी असतो. आमच्या क्लासला प्रत्येक टांगणीच्या जागेचं वजन आधी तपासलेलं असतं, खाली जाड मॅट असते आणि तरीही नवीन मुलाला पहिले काही महिने डोक्याच्या उंचीच्या वर जाऊ देत नाही. लटकायची हौस आलीच तर त्याला वर्गात घाला, तोपर्यंत घरात ओढण्या वरच्या कप्प्यात ठेवा.